भिजलेलें ‘किट’ पाण्यानें धुवावें काय?

भिवंडीहून ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत राहनाळ हें गांव आहे. भाताच्या खाचरांचा हा मुलूख गेल्या कांहीं दशकांत गोदामांचा मुलूख झाला. पत्र्याच्या उंच छपरांखालीं कापडाचे तागे, औषधांचीं खोकीं, घरगुती यंत्रें आणि शहरांतील गिऱ्हाइकांनीं घरबसल्या मागविलेला नाना तऱ्हेचा माल येथें रचलेला असतो. थोडें दक्षिणेस गेलें कीं काल्हेर आणि कशेळी लागतात, व कशेळीच्या पुलाखालून उल्हास नदीची खाडी वाहते. भिवंडीच्या अंगानें कामवारी नदी येऊन खाडीलाच मिळते. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती यांची गांठ पडली म्हणजे या पट्ट्यांतील सखल जागीं पाणी चढतें. २००५ सालच्या २६ जुलैला मुंबईच्या सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशीं ठाणें जिल्ह्यांतहि हाहाकार उडाला. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२१ च्या जुलैंत चिपळुणास जें घडलें, तें अद्याप कोणी विसरलें नसेल.

पाणी ओसरल्यानंतरचा देखावा मात्र सर्व ठिकाणीं सारखाच असतो. गोदामाच्या ओट्यावर वजनाचा इलेक्ट्रॉनिक कांटा चिखलानें माखलेला पडला आहे. शेजारीं कॅमेऱ्यांचीं चित्रें सांठविणारी पेटी, इन्व्हर्टर, बिलें छापणारें यंत्र. वरच्या बाजूस चाळींत कोणाचें धुलाईयंत्र गुडघाभर पाण्यांत उभें होतें, तर कोणाच्या मुलाचा अभ्यासाचा संगणक टेबलाखालीं बुडाला होता. या वस्तू श्रीमंतीच्या नव्हेत. त्यांवर कोणाचें तरी दुकान, कोणाची तरी परीक्षा, कोणाचा तरी महिन्याचा पगार अवलंबून असतो. अशा वेळीं घरधनी तीन गोष्टींपैकीं एक करतो. पहिली, ‘चालतें कां बघूं’ असें म्हणून खटका दाबतो. दुसरी, वस्तु तशीच चिखलासकट उन्हांत ठेवतो आणि वाळली म्हणजे बरी होईल अशी आशा धरतो. तिसरी, दुरुस्तीवाल्याकडे नेतो. आणि तेथें एखादा जाणता कारागीर यंत्राचें पोट उघडून आंतील हिरवी पाटी काढतो व सरळ नळाखालीं धरतो. तें पाहून मालकाच्या पोटांत गोळा उठतो. जें पाण्यानें बिघडलें तें पुन्हां पाण्यानेंच धुवावयाचें, हा काय प्रकार?

आज विचार करावयाचा तो याच प्रकाराचा. या हिरव्या पाटीला दुरुस्तीच्या बाजारांत ‘किट’ म्हणतात, कोणी ‘कार्ड’ म्हणतात, आणि शिकलेलीं माणसें ‘पीसीबी’ अथवा ‘सर्किट बोर्ड’ म्हणतात. ती पाण्यानें धुणें निर्धोक आहे काय? प्रथमदर्शनीं उत्तर सोपें वाटतें, कारण पाणी आणि वीज यांचें वैर आपल्याला लहानपणापासून पढविलेलें असतें. ओल्या हातानें बटणाला शिवूं नये, हा उपदेश योग्यच आहे. पण त्यांतून पाणी हें जात्याच विजेचें वाहक आहे असा जो समज होतो, तो खरा नव्हे.

पूर्वीं शाळांतून एक साधा प्रयोग करून दाखवीत, व आजहि तो दाखवितां येईल. कांचेच्या भांड्यांत ऊर्ध्वपातित पाणी घ्यावें, म्हणजे तेंच पाणी जें इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालण्यासाठीं डब्यांतून विकत मिळतें. त्यांत दोन कांड्या बुडवून त्या घटमालेला व एका लहान दिव्याला जोडाव्या. दिवा लागत नाहीं. मग त्याच पाण्यांत चिमूटभर मीठ टाकून ढवळावें. दिवा मिणमिणूं लागतो. पाणी तेंच, कांड्या त्याच, घट तेच. विजेचें ओझें वाहिलें तें मिठाच्या विरघळलेल्या कणांनीं. अत्यंत शुद्ध पाण्याचा एक सेंटिमीटर घन घेतला, तर त्याच्या समोरासमोरील दोन बाजूंमध्यें विजेला होणारा अडथळा सुमारें १ कोटी ८२ लक्ष ओहम भरतो. नळाच्या पाण्याचा तोच अडथळा कांहीं हजार ओहमांवर येतो. समुद्राच्या पाण्याचा अवघा वीस ओहमांच्या आसपास! एकाच ‘पाणी’ या नांवाखालीं किती निरनिराळे पदार्थ वावरत असतात, याची यावरून कल्पना यावी.

आतां बोर्डाकडे वळूं. पॉल आइझलर नांवाचा व्हिएन्ना येथें जन्मलेला एक गृहस्थ इंग्लंडांत येऊन राहिला. १९३६ च्या सुमारास त्यानें एक रेडिओ-यंत्र तयार केलें, ज्यांत तारांच्या जंजाळाऐवजीं तांब्याच्या पातळ पत्र्याच्या रेघा एका पाटीवर उमटविलेल्या होत्या. १९४३ मध्यें त्यानें या युक्तीच्या हक्कासाठीं अर्ज केला. आज ज्या रेडिओवर किंवा मोबाइलवर भाषणें ऐकलीं जातात, त्या प्रत्येकाच्या पोटांत आइझलरच्या त्या कल्पनेची वंशावळ नांदत आहे. पाटी असते कांचेच्या तंतूंची व राळेसारख्या घट्ट द्रव्याची. तीवर तांब्याच्या रेघा, रेघांवर रंगाचा पातळ हिरवा लेप, आणि रेघांच्या टोकांवर कथलाच्या डाखानें बसविलेले बारीकसारीक अवयव. या साहित्यांत पाण्यानें विरघळून जाईल असें फारसें कांहीं नाहीं. कांच विरघळत नाहीं, तांबें विरघळत नाहीं, कथीलहि नाहीं. काळ्या चौकोनी चिपा तर घट्ट द्रव्यांत गाडलेल्याच असतात.

श्रोत्यांना नवल वाटेल, पण कारखान्यांतून हे बोर्ड बनतांनाच पाण्यानें धुतले जातात. डाख नीट बसावा म्हणून धातूच्या पृष्ठावर एक साफ करणारें द्रव्य लावावें लागतें. आपला तांबट भांड्याला कल्हई करण्यापूर्वीं नवसागर फिरवितो, त्याच जातीचें हें काम. जुन्या काळीं त्यासाठीं राळ वापरीत. हें द्रव्य डाख दिल्यानंतर बोर्डावर उरलें, तर पुढें तेंच धातूला खाऊं लागतें. म्हणून तें काढून टाकणें भाग. बरींच वर्षें हें काम क्लोरोफ्लुरोकार्बन जातीच्या एका द्रावकानें होत असे. तो पेटत नसे, चटकन् उडून जाई, अवयवांना त्रास देत नसे. कारखानदारांना त्याहून गोड कांहीं नव्हतें. परंतु १९७४ मध्यें मोलिना व रोलंड या दोन शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, हीं द्रव्यें आकाशांत उंच चढून तेथील ओझोनच्या थराचा नाश करतात. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रिऑल येथें राष्ट्रांचा करार झाला. भारत त्यांत १९९२ सालीं सामील झाला. प्रगत राष्ट्रांतून त्या द्रव्यांचें उत्पादन १९९६ पासून बंद पडलें. मग बोर्ड धुवावयाचा कशानें? कोणी संत्र्या-लिंबांच्या सालींतून निघणारा टर्पीन नांवाचा तेलकट पदार्थ पुढें आणला. कोणी धुण्याची गरजच पडूं नये असें डाखाचें द्रव्य शोधून काढलें. आणि पुष्कळांनीं मुकाट्यानें पाण्याचा आश्रय केला. पाण्यांत विरघळणारें द्रव्य लावावयाचें, डाख दिला कीं शुद्ध केलेल्या ऊन पाण्याच्या फवाऱ्यांखालून बोर्ड न्यावयाचे, आणि गरम वाऱ्यानें कोरडे करावयाचे, ही रीत आज जगभर रूढ आहे.

त्याहूनहि जुनें एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या ऑरेगॉन प्रांतांतील टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी विजेच्या लहरी पडद्यावर दाखविणारीं ऑसिलोस्कोप नांवाचीं नाजूक व महाग यंत्रें बनवी. वर्षानुवर्षें धूळ बसलेलें यंत्र दुरुस्तीस आलें, म्हणजे तेथील कारागीर त्याचें झांकण काढून सौम्य साबणाच्या पाण्याचा फवारा सोडीत, स्वच्छ पाण्यानें खंगाळीत, आणि मंद आंचेच्या भट्टींत बराच वेळ सुकवून मगच कामाला हात लावीत. हीं यंत्रें त्या काळीं मोटारगाडीच्या किंमतीशीं तुलना होण्याजोगीं होतीं. तीं कोणी उगाच भिजविलीं नसतीं.

तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, जें पाणी कारखान्यांत बोर्डाला न्हाऊं घालतें, तेंच राहनाळच्या गोदामांत त्याचा जीव कां घेतें? याचीं कारणें दोन, आणि तीं जोडीनें येतात.

पहिलें कारण क्षार. पुराचें पाणी म्हणजे पाणी नव्हे, तो एक काढा आहे. खाडीच्या भरतीचें मीठ त्यांत असतें, गटाराची घाण असते, रस्त्यावरचें तेल असतें. आणि भिवंडी हें यंत्रमागांचें गांव असल्यामुळें सुताला लावावयाची कांजी व कापडाचे रंगहि त्यांत उतरत असतील तर नवल नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. यांवरून एक लहानसा हिशेब करून पाहावा. बोर्डाच्या एका चौरस सेंटिमीटरावर अशा पाण्याचा केवळ एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर राहिला आणि वाळला, तर मागें सुमारें ३५० मायक्रोग्रॅम क्षार उरतात. कारखान्यांतून बोर्डाची स्वच्छता मोजण्यासाठीं कित्येक वर्षें जी मर्यादा पाळली जात असे, ती चौरस सेंटिमीटरास १.५६ मायक्रोग्रॅम मिठाची. म्हणजे मर्यादेच्या दोनशेंपटींहून अधिक! खाडीचें पाणी पावसानें दहापट पातळ झालें असें धरलें, तरी वीसपटींचा प्रश्न राहतोच. आणि हें मीठ उन्हानें जात नाहीं. ऊन पाणी नेतें, मीठ ठेवतें. मिठागरांत तरी दुसरें काय होतें? चिखलासकट वाळविलेला बोर्ड पहिल्या दिवशीं चालूं लागला, तरी दमट हवेंतील ओलावा तें मीठ ओढून घेतें आणि आंतल्या आंत पुन्हां खारें पाणी तयार होतें. दिवाळीपर्यंत ठीक चाललेलें यंत्र एकाएकीं बंद पडलें, अशी तक्रार घेऊन येणारा गिऱ्हाईक बहुधा या रांगेंतला असतो.

दुसरें कारण स्वतः वीज. ओल्या बोर्डांत वीज नसेल, तर खाऱ्या पाण्याचें काम सावकाश चालतें. गंज धरावयास तास-दिवस लागतात. पण बोर्डांत वीज सोडली कीं चित्र पालटतें. शेजारच्या दोन रेघांपैकीं एक धन व एक ऋण होते, मधें ओल. धन बाजूचा धातू विरघळून कणाकणानें पाण्यांत उतरतो, ऋण बाजूकडे ओढला जातो, व तेथें पुन्हां धातू होऊन बसतो. पण तो सपाट बसत नाहीं. नेच्याच्या पानासारखे, झाडाच्या मुळ्यांसारखे बारीक फांटे फुटत समोरच्या रेघेकडे वाढत जातात. भिंगाखालीं हा देखावा मोठा सुंदर दिसतो, आणि तितकाच घातक असतो, कारण तो फांटा पलीकडे टेंकला कीं दोन रेघांमध्यें धातूचा पूल बांधला जातो आणि नको तेथून वीज धांवूं लागते. यासाठीं फार मोठा दाब लागत नाहीं. पांच-दहा व्होल्टांखालीं पाण्याच्या एका थेंबांत कांहीं मिनिटांत हें घडूं शकतें. मोबाइल पाण्यांत पडला आणि मालकानें तो बंद न करतां हलवून पाहिला, दहा वेळां बटण दाबलें, मग भारकाला लावला, तर त्या पांच मिनिटांत जें नुकसान होतें तें पाण्यांत पडल्यानें झालेलें नसतें.

मारेकरी कोण, हें एकदां कळलें म्हणजे त्या कारागिराच्या नळाचा अर्थ लागतो. तो बोर्ड भिजवीत नसतो, बोर्ड आधींच भिजलेला असतो. तो मीठ काढीत असतो. पण यांतील क्रम चुकला तर उपाय हाच अपाय होतो, म्हणून तो क्रम थोडा सविस्तर पाहणें बरें.

सर्वांत आधीं वीज तोडावी, आणि ती तोडण्यासाठीं पाण्यांत उभें राहूं नये. घरांत पाणी असेल तर मुख्य खटका कोरड्या जागेवरून बंद करतां येत असेल तरच करावा. नाहीं तर वीज मंडळाच्या माणसाला बोलवावें. यंत्राचा किंवा माणसाचा जीव, असा प्रश्न पडल्यास उत्तर द्यावयास विचार लागूं नये. मग यंत्रांतील बॅटरी काढावी. संगणकांत नाण्याएवढी एक चपटी बॅटरी दडलेली असते, ती पुष्कळांना ठाऊकच नसते. ती तशीच राहिली तर प्लग काढूनहि बोर्डांत वीज खेळत राहते. लिथियमची फुगलेली वा पाण्यांत बुडालेली बॅटरी पुन्हां भारित करण्याचा मोह धरूं नये, ती पेट घेते. घरच्या विजेवर थेट चालणाऱ्या यंत्रांतून आणखी एक सांप असतो. २३० व्होल्टांची वीज सरळ केली म्हणजे ती सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढते, आणि डब्यासारख्या मोठ्या धारित्रांत प्लग काढल्यावरहि कांहीं वेळ सांठून राहते. दूरदर्शन-संच, इन्व्हर्टर यांना म्हणूनच जाणत्यानें हात लावावा. आणि मायक्रोवेव्ह भट्टीचें झांकण तर गृहस्थानें उघडूंच नये.

दुसरें, वाळूं देऊं नये. पुष्कळांना हें उलटें वाटतें. परंतु ओला चिखल पाण्याच्या धारेनें निघतो, वाळलेला चिखल चिपेच्या पायांमधून निघतां निघत नाहीं. बोर्ड सुटा करून प्रथम साध्या नळाच्या पाण्यानें मऊ दांतघासणीनें हलके हलके धुवावा; तेलकटपणा असेल तर भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब पुरे. कपडे धुण्याची पूड घेऊं नये, तिच्यांत सोडा असतो आणि एका क्षाराच्या जागीं दुसरा बसतो. नळाचें पाणी स्वतः पुरें शुद्ध नाहीं, म्हणून शेवटीं ऊर्ध्वपातित किंवा निःक्षार पाण्यानें दोनतीनदां खंगाळावा. हा शेवटचा हात पुष्कळ ठिकाणीं गाळला जातो. काटकसर म्हणून गाळला जातो, हें विशेष; बॅटरीच्या पाण्याचा एक डबा फार महाग नसतो.

तिसरें, वाळविणें. धुण्यापेक्षां हें कठीण, आणि कोंकणपट्टीच्या आषाढ-श्रावणांत तर फारच. वरचें पाणी तासाभरांत जातें, पण सपाट चिपांच्या पोटाखालीं केंसाएवढ्या फटींत जें शिरतें, तें तेथेंच दडी मारून बसतें. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानांतून मिळणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. तो पाण्यांत मिसळतो, त्याला फटींतून बाहेर काढतो आणि स्वतः चटकन् उडून जातो. औषधाच्या दुकानांतील सत्तर टक्क्यांच्या बाटलींत उरलेलें बहुतेक पाणीच असतें, तेव्हां या शेवटच्या हातासाठीं नव्याण्णव टक्क्यांचा घेतलेला बरा. मात्र बारा अंशांइतक्या थंड हवेंतहि त्याची वाफ पेट घेऊं शकते. बंद खोलींत, देवाजवळच्या समईशेजारीं अथवा गॅसच्या शेगडीजवळ हें काम करूं नये. कांहीं दुकानांतून थिनर वा पेट्रोल वापरण्याची जी पद्धत आहे, ती तर सर्वस्वीं त्याज्य समजावी. प्लास्टिक वितळतें, खुणा पुसल्या जातात आणि आगीची भीति वेगळीच.

अल्कोहोल नसेल तर पंख्याचा वारा आणि वेळ हींच औषधें. बोर्ड उभा ठेवावा, आडवा नव्हे. पंख्यासमोर एक-दोन दिवस राहूं द्यावा. पावसाळी हवेंत ऊब दिल्यावांचून खालचा ओलावा जात नाहीं. ती ऊब पन्नास-साठ अंशांपलीकडे नसावी. पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुन्या पद्धतीचा दिवा लावून ऊब देणारे लोक आहेत. दिवा पुठ्ठ्यापासून दूर असेल आणि माणूस जवळ असेल, तर ती युक्ति चालते. केंस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत जवळून मारण्यांत मात्र शहाणपण नाहीं. तो पाणी उडवितो कमी, आंत ढकलतो अधिक.

येथें तांदळाविषयीं दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा उपाय आज घरोघरीं माहीत आहे. कोरड्या वाऱ्यांत नुसतें ठेवण्यापेक्षां तांदुळांत कांहीं विशेष गुण नाहीं. उलट पीठ व कणी यंत्राच्या भोकांतून आंत जातात. ॲपल कंपनीनें २०२४ च्या प्रारंभीं आपल्या गिऱ्हाइकांना असें न करण्याची स्पष्ट सूचना दिली. आणि मुख्य गोष्ट, तांदूळ मीठ काढीत नाहींत. तीन दिवसांनीं फोन लागला, तर पुण्य तांदळाच्या पदरीं पडतें. महिन्यानें बंद पडला, तर दोष कंपनीला लागतो. तांदूळ दोन्ही वेळां सुटला.

आतां धुण्यास अपात्र अशा वस्तू. बोर्ड धुतां येतो याचा अर्थ बोर्डावरचें सर्व कांहीं धुतां येतें असा नव्हे. कागदी पडद्याचा ध्वनिक्षेपक पाण्यानें लोळागोळा होतो. पट्ट्यांचा टिकटिक वाजणारा रिले, फिरविण्याची आवाजाची कळ, लहान बटणें यांच्या आंत पाणी शिरलें म्हणजे सहज निघत नाहीं. तारेच्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि मोटार ओल धरून ठेवतात. त्यांना अनेक तासांची ऊब लागते. स्फटिकी पडद्याच्या थरांमध्यें पाणी शिरलें कीं काळेपिवळे डाग पडतात, आणि ते जन्माचे. माहिती सांठविणाऱ्या हार्ड डिस्कला श्वास घेण्यासाठीं एक बारीक भोंक असतें. तिच्यांत कुटुंबाचीं छायाचित्रें वा दुकानाचे हिशेब असतील तर तिला स्वतः उघडूं नये, जाणत्या माणसाकडे सोंपवावी. किणकिण आवाज करणाऱ्या लहानशा काळ्या बझरच्या तोंडावर नव्या बोर्डांत कधीं कधीं कागदाची टिकली चिकटविलेली आढळते, आणि तीवर धुतल्यानंतर ती काढावी असें छापलेलें असतें. कारखान्यांत बोर्ड न्हाऊन निघतो याची एवढी छोटी पण बोलकी साक्ष दुसरी नाहीं.

उलट प्रकारहि आहे. पुष्कळ धुलाईयंत्रांचें किट रबरासारख्या पारदर्शक द्रव्यांत सबंध बुडविलेलें असतें. त्याला पाण्याची भीति नाहीं. मात्र आंत एखादा अवयव जळाला तर तें द्रव्य खरवडून काढतां काढतां कारागिराची पुरेवाट होते, आणि शेवटीं गिऱ्हाइकाला सबंध नवें किट घ्यावें लागतें. पाण्यापासून वांचविण्याची किंमत दुरुस्तीच्या खात्यांत वसूल होते, असा हा व्यवहार आहे. वातानुकूलन-यंत्राच्या बाहेरील पेटींतील बोर्डावर बऱ्याचदां नुसता वार्निशासारखा लेप असतो. तो चांगला, परंतु तेथेंहि पाली शिरतात. दोन रेघांवर आडवी झालेली पाल स्वतः मरते आणि बोर्डालाहि घेऊन जाते. उंदरांच्या मूत्रांतले क्षार, मुंग्यांनीं आणलेली माती, हे सर्व त्या पुराच्या पाण्याचे धाकटे भाऊ होत.

यंत्रमागाच्या भिवंडींत तर पूर न येतांहि हा प्रश्न उभा असतो. नव्या तऱ्हेच्या मागांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे बोर्ड आले आहेत, आणि मागाच्या शाळेंत कापसाची रूं अहोरात्र उडत असते. ती बोर्डावर बसते, हवेंतील ओल शोषते, आणि एका ओलसर घोंगडीखालीं बोर्ड झांकला जातो. अशा ठिकाणीं दर महिन्यास वीज बंद करून मऊ कुंचल्यानें व कोरड्या वाऱ्यानें रूं काढणें हाच खरा उपाय. तेथें पाण्याची गरज सहसा पडत नाहीं. जें कोरडें निघतें तें ओलें करूं नये.

धुऊन वाळविलेला बोर्ड यंत्रांत बसविण्यापूर्वीं भिंगाखालीं पाहावा. डाखांच्या कडेला पांढरी पूड दिसली तर क्षार उरला आहे, पुन्हां धुवावा. तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर गंज सुरू झाला आहे, तो अल्कोहोल व कुंचल्यानें काढतां आला तर पाहावा. रेघ तुटून खाल्ली गेली असेल तर ती जोडावयास कारागीर लागेल. या तपासणींत ज्या बोर्डांचें नशीब बरें, ते पुराच्या दिवशींच बंद केलेले, लगेच धुतलेले, व वीज देण्यापूर्वीं दोन दिवस थांबलेले असतात. गोदामाच्या मालकाला हे दोन दिवस फार जड जातात. कांटा बंद म्हणजे माल तोलतां येत नाहीं, माल तोलला नाहीं म्हणजे गाडी भरत नाहीं, आणि दारांत ट्रकवाला उभा असतो.